वृद्धांचे औषध आणि सरकारचा हिस्सा

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मिझुरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी, माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना शेजारी बसवून, मेडिकेअरच्या कायद्यावर स्वाक्षरी केली, तेव्हा पासष्ट वर्षांवरील नागरिकाच्या रुग्णालयातील वास्तव्याचा आणि डॉक्टरच्या फीचा बराचसा भार सरकारी खजिन्याने आपल्या शिरावर घेतला. परंतु तोच नागरिक बरा होऊन रुग्णालयाबाहेर पडला आणि हातातली औषधांची चिठ्ठी घेऊन दुकानदारापुढे उभा राहिला, की तेथे मात्र सरकारचा त्याच्याशी काही संबंध उरत नसे. ही उणीव कोणाच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. औषधे त्या काळी थोडी होती, तुलनेने स्वस्त होती, आणि आजार म्हणजे काही दिवस अंथरुणाला खिळणे, मग एकतर बरे होणे किंवा न होणे, अशीच सर्वसाधारण कल्पना होती. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि सांधेदुखी यांना सोबत घेऊन माणूस वीस-वीस वर्षे बऱ्यापैकी जगू शकेल आणि त्यासाठी त्याला दरमहा औषधांच्या दुकानात पैसे मोजत राहावे लागेल, ही स्थिती पुढे आली. १९६७ साली सरकारने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक अभ्यासगट नेमला, त्याचा अहवाल १९६९ मध्ये आला, आणि बहुतेक अहवालांच्या नशिबी जे असते ते त्याच्याही वाट्याला आले.

पहिला खरा प्रयत्न १९८८ सालचा. रेगन यांच्या कारकीर्दीत संमत झालेल्या त्या कायद्यात औषधांचा अंतर्भाव होता. परंतु त्याचा खर्च वृद्धांनीच उचलावा, आणि त्यांतही सुस्थितीतील वृद्धांनी अधिक उचलावा, अशी तरतूद असल्याने ज्यांच्या हितासाठी कायदा केला तेच त्याच्यावर खवळून उठले. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत, प्रतिनिधिगृहाच्या करविषयक समितीचे अध्यक्ष डॅन रॉस्टेन्कोव्स्की यांची मोटार संतप्त वृद्ध मतदारांनी अडवली, आणि देशातील एका मातब्बर राजकारण्याला मोटार सोडून पायी निसटावे लागले, हे दृश्य दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोचले. त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा रद्द झाला. त्यानंतरच्या चौदा वर्षांत हा विषय काढण्याची पाळी आली, की राजकारण्यांना ती मोटार आठवत असणार, असा तर्क केला तर तो अगदीच निराधार ठरू नये.

शेवटी २००३ साली तरतूद झाली, तीही सरळपणे नव्हे. प्रतिनिधिगृहात एरवी पंधरा मिनिटांत उरकणारे मतदान २२ नोव्हेंबरच्या पहाटे जवळजवळ तीन तास उघडे ठेवले गेले, सदस्यांची मनधरणी होत राहिली, आणि सहाच्या सुमारास २२० विरुद्ध २१५ अशा मतांनी विधेयक पार पडले. ८ डिसेंबर २००३ रोजी जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यावर सही केली आणि १ जानेवारी २००६ पासून मेडिकेअरचा औषधविषयक विभाग, म्हणजे ‘पार्ट डी’, अमलात आला. पुढे जी गुंतागुंत दिसते तिचे मूळ या कायद्याच्या घडणीत आहे, म्हणून त्या घडणीकडे थोडे निरखून पाहिले पाहिजे. सरकारने औषधे स्वतः पुरवण्याचे किंवा त्यांचे पैसे थेट चुकते करण्याचे पत्करले नाही. खासगी विमा कंपन्यांनी आपापल्या योजना मांडाव्यात, वृद्धांनी त्यांतून एक निवडावी, आणि सरकारने त्या कंपन्यांना खर्चाचा मोठा हिस्सा द्यावा, अशी रचना झाली. शिवाय, कंपन्या आणि औषध-उत्पादक यांच्यातील किमतीच्या वाटाघाटींत सरकारने पडू नये, असे एक कलम त्यात घातले गेले. इतके मोठे गिऱ्हाईक, पण घासाघीस करण्याची त्याला बंदी! २०२२ च्या कायद्याने ही बंदी अंशतः उठवली, आणि एलिक्विस, जार्डियन्स, जानुविया यांसारख्या दहा औषधांच्या वाटाघाटीने ठरलेल्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. म्हणजे कायदा अमलात आल्यापासून बरोबर वीस वर्षांनी.

मूळ योजनेतले सर्वांत विचित्र अंग म्हणजे तिच्या मधोमध ठेवलेली पोकळी. २००६ साली नियम असा होता, की पहिले २५० डॉलर वृद्धाने स्वतः भरावेत. त्यानंतर औषधांचा एकूण खर्च २,२५० डॉलरपर्यंत जाईतो त्याने चतुर्थांश भरावा. आणि मग, खर्च नेमका जड होऊ लागे त्याच टप्प्यावर, विम्याने हात काढून घ्यावा, आणि वृद्धाच्या खिशातून ३,६०० डॉलर जाईपर्यंत सारा भार त्यानेच सोसावा. मेदुवड्याच्या भोकासारखी ही मधली रिकामी जागा अमेरिकनांनी आपल्या खाद्यपदार्थावरून ‘डोनट होल’ या नावाने ओळखली आणि ती बुजवायला २०१० च्या कायद्यापासून २०२० सालापर्यंत दहा वर्षे लागली. मात्र या पोकळीत एक वर्ग पहिल्या दिवसापासून पडला नाही, आणि तोच आपल्या लेखाचा विषय आहे. अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी २००३ च्या कायद्यातच एक स्वतंत्र साहाय्य ठेवले होते. दप्तरी भाषेत त्याला लो-इन्कम सबसिडी म्हणतात आणि लोकव्यवहारात ते ‘एक्स्ट्रा हेल्प’ या साध्या नावाने चालते. सव्वा कोटीहून अधिक माणसे आज त्याचा लाभ घेत आहेत.

हे साहाय्य काय करते? विमा योजनेचा मासिक हप्ता, एका ठरावीक मर्यादेपर्यंत, सरकार भरते. २०२५ साली ५९० डॉलरपर्यंत असू शकणारी वर्षारंभीची स्वखर्चाची रक्कम माफ होते. आणि दुकानात औषध घेताना एरवी किमतीचा चौथा हिस्सा मोजावा लागतो त्याऐवजी जेनेरिक औषधाला ४ डॉलर ९० सेंट आणि ब्रँडच्या औषधाला १२ डॉलर १५ सेंट यांहून अधिक द्यावे लागत नाही. मेडिकेडचा, म्हणजे राज्य आणि केंद्र मिळून चालवत असलेल्या दरिद्री-साहाय्याचा, पूर्ण लाभ ज्यांना आहे आणि ज्यांचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या आत आहे, त्यांना तर १ डॉलर ६० सेंट आणि ४ डॉलर ८० सेंट इतकेच पुरतात. शुश्रूषागृहात कायम राहणाऱ्या मेडिकेडधारकाकडून काहीच घेतले जात नाही. हे आकडे २०२५ चे असून दरवर्षी थोडेथोडे वाढतात.

२०२५ पासून पार्ट डीमध्ये कोणाही माणसाच्या खिशातून वर्षाला २,००० डॉलरपेक्षा अधिक जाऊ नयेत अशी मर्यादा आली आहे, २०२६ साठी ती २,१०० डॉलर झाली, मग वेगळ्या साहाय्याची आता गरज काय, असे कोणी विचारील. प्रश्न वाजवी आहे. परंतु ही मर्यादा श्रीमंताला आणि गरिबाला एकच आहे. वर्षाला वीस हजार डॉलरवर न्यूयॉर्कसारख्या शहरात गुजराण करणाऱ्या विधवेला दोन हजार म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, आणि हा भाग घरभाडे, विजेचे बिल व किराणा यांच्याशी भांडून काढावा लागतो. अशा भांडणात औषध हरते: गोळी अर्धी करून घेणे, एक दिवसाआड घेणे, किंवा महिनाअखेर चिठ्ठी पर्समध्येच ठेवून देणे, हे सारे प्रकार त्या देशातील औषधविक्रेत्यांना पाठ आहेत.

आता हे साहाय्य कोणाला मिळते ते पाहू. एका वर्गाला ते न मागता मिळते: ज्यांच्याकडे पूर्ण मेडिकेड आहे, ज्यांना एसएसआय हा निर्वाहभत्ता मिळतो, किंवा ज्यांचा मेडिकेअरचा हप्ता राज्य सरकार ‘मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅम’ या योजनांखाली भरते, अशांची नावे एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात आपोआप जातात. उरलेल्यांनी सोशल सिक्युरिटी खात्याकडे अर्ज करावयाचा. त्या नमुन्याचा क्रमांक एसएसए-१०२० असून तो कागदावर, दूरध्वनीवरून किंवा संगणकावरून भरता येतो. २०२५ साली एकट्या व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न २३,४७५ डॉलरच्या आणि पतिपत्नींचे मिळून ३१,७२५ डॉलरच्या आत असणे आवश्यक होते. ही दारिद्र्यरेषेची दीडपट होय. २०२४ पूर्वी या दीडपटीच्या वरच्या भागात मोडणाऱ्यांना अर्धवटच साहाय्य मिळे, ती पायरी २०२२ च्या कायद्याने काढून टाकली. उत्पन्न मोजताना काही सूट मिळते: वृद्धाने थोडीफार नोकरी केली तर त्या मजुरीतील निम्म्याहून अधिक रक्कम हिशेबात धरली जात नाही, आणि नातलगांनी घरखर्चाला दिलेला हातभार २०१० पासून मिळकतीत गणला जात नाही. कित्येक माणसे सकल उत्पन्नाचा आकडा मर्यादेशी ताडून अर्जच करीत नाहीत, आणि त्यांचा हक्क या वजावटींतच दडलेला असतो.

दुसरी अट मालमत्तेची, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या रचनेतली ती सर्वांत अनुदार अट आहे. २०२५ साली अंत्यविधीची राखीव रक्कम धरून एकट्या माणसाची शिल्लक १७,६०० डॉलरपर्यंत आणि दांपत्याची ३५,१३० डॉलरपर्यंत चालत असे. त्यात बँकेतील ठेवी, समभाग, रोखे आणि राहत्या घराव्यतिरिक्त कोणतेही स्थावर मोजले जाते, तर राहते घर, मोटारगाडी, अंगावरचे व घरातले सामान, आणि आयुर्विमा यांना हात लावला जात नाही. परिणाम असा, की आयुष्यभर हात राखून खर्च करणाऱ्या, म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून वीस हजार डॉलर बाजूला ठेवणाऱ्या माणसाला त्या वीस हजारांपायीच साहाय्य नाकारले जाते, आणि तेवढ्याच मिळकतीच्या पण उधळ्या शेजाऱ्याला ते मिळते. सरकारी खजिना अपात्रांपासून राखला पाहिजे, हा युक्तिवाद मान्य आहे. परंतु वीस हजार डॉलर म्हणजे एखाद्या मोठ्या आजारात काही आठवड्यांत विरघळणारी पुंजी, तिला संपत्ती समजणे हे हिशेबनिसाचे शहाणपण झाले.

या अटीचा काच मराठी कुटुंबांना विशेष जाणवतो. ज्या १९६५ साली मेडिकेअर जन्मले त्याच वर्षाच्या ३ ऑक्टोबरला जॉन्सन यांनीच परदेशातून येणाऱ्यांवरील राष्ट्रवार निर्बंध उठवणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि पुढील दशकांत मुंबई-पुण्याचे जे अभियंते, डॉक्टर व त्यांचे कुटुंबीय तिकडे गेले ते आज स्वतःच मेडिकेअरच्या वयाचे आहेत. स्वतः किंवा जोडीदाराने चाळीस तिमाह्या करपात्र नोकरी केली असेल, तर रुग्णालयाच्या विम्याचा हप्ता त्यांना लागत नाही. प्रश्न येतो तो मुलाने किंवा मुलीने उतारवयात बोलावून घेतलेल्या आईवडिलांचा. त्यांनी कायम वास्तव्याचा परवाना घेऊन सलग पाच वर्षे तेथे काढली, की पासष्टीनंतर मेडिकेअर विकत घेण्याचा हक्क त्यांना मिळतो; मात्र नोकरीच्या तिमाह्या तिसापेक्षा कमी असतील, तर २०२५ साली रुग्णालयाच्या भागाचा हप्ता महिन्याला ५१८ डॉलर होता, आणि डॉक्टरच्या भागाचा १८५ डॉलर. इतके दडपण कित्येकांना झेपत नाही. पण केवळ डॉक्टरचा भाग घेतला तरी पार्ट डीचे दार उघडते आणि उत्पन्न अल्प असेल तर एक्स्ट्रा हेल्पसाठीही अर्ज करता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अर्जात मिळकत विचारली जाते ती अर्जदाराची आणि सोबत राहणाऱ्या पती किंवा पत्नीची. ‘मुलगा चांगला कमावतो, आपल्याला कोण देणार?’ असे म्हणून घरच्या घरीच अर्ज नामंजूर करणारे आजोबा, आणि दर हिवाळ्यात भारतातून येणाऱ्या पाहुण्याच्या पेटीतून सहा महिन्यांच्या गोळ्या मागवणाऱ्या आजी, यांना ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी. तसेच हेही सांगायला हवे, की महाराष्ट्र सरकारचे निवृत्तिवेतन ही मिळकत ठरते, आणि कोथरूडमधला बंद ठेवलेला फ्लॅट हे राहत्या घराव्यतिरिक्तचे स्थावर ठरते. अर्जावरील सही खोटी माहिती दिल्यास शिक्षेस पात्र होण्याच्या कबुलीने केलेली असते; म्हणून ‘तिकडचे इकडे कोण विचारतो’ हा हिशेब येथे करू नये.

मालमत्तेच्या अटीला वळसा घालणारी एक कायदेशीर वाट मात्र आहे, आणि ती राज्यांतून जाते. वर उल्लेखिलेल्या मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅमचे नियम प्रत्येक राज्य काही अंशी स्वतः ठरवते, आणि न्यूयॉर्क, कनेक्टिकट यांसारख्या काही राज्यांनी त्यातून मालमत्तेची अट सर्वस्वी काढून टाकली आहे. त्या राज्यांत वृद्धाचे उत्पन्न मर्यादेत असेल आणि त्याला त्या योजनेत प्रवेश मिळाला, तर बँकेतील ठेव कितीही असो, एक्स्ट्रा हेल्प त्याच्यामागोमाग आपोआप येते. केंद्राने पुढच्या दाराला घातलेली कडी राज्य मागच्या दाराने काढते. शिवाय काही राज्यांच्या स्वतःच्या औषध-योजना पार्ट डीच्याही आधीपासून चालत आल्या आहेत. एडिसन आणि आसपासच्या मराठी वस्तीमुळे आपल्याकडे परिचित असलेल्या न्यू जर्सी राज्यात १९७५ पासून ‘पाड’ ही योजना आहे, तिला मालमत्तेची अट नाही, आणि तीत जेनेरिक औषधाला पाच व ब्रँडच्या औषधाला सात डॉलर पडतात. पेनसिल्व्हेनियाची ‘पेस’ योजना १९८४ ची, तिचा पैसा राज्याच्या लॉटरीतून येतो. तरुणांच्या जुगारातून म्हाताऱ्यांच्या गोळ्या, ही योजकता नैतिक आहे की नाही याचा निवाडा वाचकांवर सोपवतो, पण ती टिकून राहिली आहे एवढे खरे.

साहाय्य मंजूर झाले म्हणजे औषध हाती आले, असेही नाही; कारण साहाय्य सरकारचे असले तरी औषध विमा कंपनीच्या यादीतूनच मिळते. प्रत्येक योजनेची औषधांची स्वतःची यादी असते, काही औषधांना पूर्वमंजुरी लागते, काहींच्या आधी स्वस्त औषध घेऊन पाहावे लागते, आणि यादीत नसलेल्या औषधाला एक्स्ट्रा हेल्पचा उपयोग होत नाही. ज्याने स्वतः योजना निवडली नाही त्याला सरकार एका योजनेत घालते, आणि ती निवड त्याच्या गोळ्या पाहून होत नाही. ज्यांचा हप्ता त्या भौगोलिक विभागाच्या ठरीव मर्यादेत बसतो अशा योजनांपैकी कोणतीही एक यदृच्छया त्याच्या वाट्याला येते. अलीकडच्या वर्षांत अशा बिनहप्त्याच्या योजनांची संख्या घटत गेली आहे, त्यामुळे निवडीचा परीघही आकुंचन पावला आहे. या यदृच्छेचे दुष्परिणाम १ जानेवारी २००६ रोजीच सर्वांनी पाहिले: मेडिकेडमधून औषधे घेणारी सुमारे साठ लाख माणसे एका रात्रीत नव्या खासगी योजनांकडे वळवली गेली, दुकानातील संगणकांना त्यांची नावे सापडेनात, इन्सुलिन घ्यायला आलेल्यांकडून पूर्ण पैसे मागितले जाऊ लागले, आणि अनेक राज्यांना तातडीने आपल्या तिजोऱ्या उघडाव्या लागल्या. त्या धड्यातून दोन उपयुक्त तरतुदी टिकून राहिल्या. मेडिकेडचे पत्र किंवा तत्सम दाखला दाखवला, तर सरकारी नोंद पोचलेली नसली तरी विमा कंपनीला कमी दर लावावाच लागतो. आणि ज्याची पात्रता ठरली पण योजना ठरली नाही, त्याला तात्पुरते औषध देणारी एक व्यवस्था आता कायम झाली आहे. एक्स्ट्रा हेल्प असलेल्याला मिळालेली योजना पटली नाही, तर केवळ औषधांचा विमा देणारी दुसरी योजना कोणत्याही महिन्यात घेता येते, इतरांप्रमाणे शरद ऋतूतील ठरावीक मुदतीची वाट पाहावी लागत नाही. आणि पार्ट डीत उशिरा आल्याबद्दल इतरांच्या हप्त्यावर जो कायमचा दंड बसतो, तोही याला माफ असतो. कोणती योजना कोणाच्या गोळ्यांना अनुकूल, हे पाहून देणारे ‘शिप’ नावाचे विनाशुल्क सल्लागार प्रत्येक राज्यात आहेत. अर्ज नामंजूर झाल्यास दाद मागण्याची मुदत साठ दिवसांची असते.

सरकारी पत्रव्यवहाराचा शिरस्ताही जाणून घेण्याजोगा आहे, कारण इंग्रजी वाचण्याचा कंटाळा असलेल्या वृद्धालाही तो कागदाच्या रंगावरून उमगतो. जांभळ्या कागदावरचे पत्र आले, तर साहाय्य आपोआप लागू झाले. पिवळे आले, तर सरकारने कोणत्या तरी योजनेत नाव घातले आहे, तेव्हा आपल्या गोळ्या तीत आहेत का ते पाहावे. निळे आले, तर पुढच्या वर्षी योजना बदलली जाणार. आणि सप्टेंबरच्या सुमारास राखाडी आले, तर मेडिकेड किंवा तत्सम आधार सुटल्यामुळे आपोआप मिळणारे साहाय्य वर्षअखेर थांबणार आहे. परंतु आपोआपचा हक्क गेला म्हणून अर्जाचा हक्क जात नाही, आणि हे पत्र इतर जाहिरातींबरोबर कचऱ्यात टाकण्यापूर्वी लिफाफा नीट उघडून पाहावा, कारण त्यात एसएसए-१०२० चा कोरा नमुना आणि टपालखर्च आधीच भरलेले परतीचे पाकीट असते.